रिकाम्या हौदाचा भूतकाळ

२०१६ च्या एप्रिल महिन्यात ज्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यातील एका अंगणात हा सिमेंटचा हौद आहे. त्याच्या भिंती सरळ आहेत, तळाशी एक तोटी आहे आणि आत १०० सेंटिमीटर पाणी आहे. तोटी सोडताच धार लांब पडते. पाणी उतरते तशी ती मागे सरकत येते आणि शेवटी भिंतीला धरून ठिबकू लागते. पहिली घागर भरायला किती वेळ लागतो आणि शेवटची किती वेळ अडवते, हे इथल्या बायकांना वेगळे सांगावे लागत नाही.

पाणी उतरण्याचा वेग त्या क्षणी उरलेल्या उंचीवर ठरतो, आणि हे नाते गणिताच्या भाषेत लिहिले की अवकल समीकरण मिळते. इटलीच्या तोरिचेल्ली यांनी १६४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणे धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, आणि त्यामुळे सरळ भिंतींच्या हौदात उंचीचे वर्गमूळ एकसारख्या गतीने घटते. समजा, ते दर १० मिनिटांना १ ने कमी होते. सुरुवातीला ते १० आहे, ५० मिनिटांनी ५ होईल, १०० मिनिटांनी शून्य. वर्गमूळ ५ असताना उंची २५ सेंटिमीटर असते; म्हणजे निम्म्या वेळातच तीन चतुर्थांश पाणी गेलेले असते!

ओट्यावर निवणाऱ्या चहाचे समीकरण वेगळे आहे. हवा आणि चहा यांच्या तापमानातला फरक ४० अंशांवरून २० वर यायला जितका वेळ लागतो, तितकाच २० वरून १० वर यायला लागतो, आणि समीकरणापुरते बोलायचे तर तो कधीच पूर्ण शून्य होत नाही. एकाच ओट्यावरच्या कमीअधिक गरम अशा दोन कपांच्या उकलींचे, म्हणजे वेळेनुसार तापमान कसे उतरते ते दाखवणाऱ्या समीकरणाच्या उत्तरांचे, वक्र एकमेकांना कुठेच छेदत नाहीत. म्हणून आत्ताच्या तापमानावरून मागचे तापमानही काढता येते.

हौदात २५ सेंटिमीटर पाणी दिसले, तर तोटी तेव्हापासून सुरूच असल्यास तो ५० मिनिटांपूर्वी भरलेला होता असे खात्रीने सांगता येते. रिकाम्या हौदाबद्दल मात्र तसे सांगता येत नाही, कारण तासापूर्वी आणि काल रिकामा झालेला हौद यांच्या उकली शून्यावर येऊन एकच होतात. शून्याजवळ वर्गमुळाच्या आलेखाचा चढ अमर्याद वाढतो आणि उकल एकमेव असल्याची हमी देणारी, लिप्शिट्झ या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी अट तिथे मोडते. पुढचा काळ निश्चित राहतो, मागचा राहत नाही.

तळाची ओल बोटाने चाचपून घरातल्या आजी अंदाज सांगतात, पण ती खूण समीकरणाबाहेरची आहे.