बापाच्या वाटणीचा वेळ

[दृश्य: भाऊसिंगजी रोड. जुन्या कोर्टाची दगडी इमारत, काळे कोट, फायलींचे गठ्ठे, पार्किंगची गर्दी.]

सीपीआर रुग्णालयाजवळची ही इमारत कोल्हापूरकरांना जिल्हा न्यायालय म्हणून माहीत होती. पुढे ते न्यायालय कसबा बावड्याला गेलं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर भरणारं न्यायपीठ, बसतंय. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी चार दशकं मागणी लावून धरली होती. त्या आंदोलनाच्या बातम्यांत जमिनीचे दावे आले, फौजदारी अपिलं आली. स्वतःच्या मुलाला भेटता यावं म्हणून कोर्टाची पायरी चढलेला बाप मात्र त्यांत क्वचितच दिसला.

कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. अंतरिम, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या आदेशावर ती सोय नसते, तिथे सहसा रिट याचिका करावी लागते. दोन्हींसाठी मुंबई गाठायची म्हणजे रात्रीची गाडी, दुसऱ्या दिवशी तारीख, पुन्हा रात्रीची गाडी आणि कामावर खाडे. इचलकरंजीत यंत्रमागावर किंवा कागलच्या एमआयडीसीत रोजावर असलेल्या माणसाला हे किती वेळा परवडणार? आता ती वाट सहा जिल्ह्यांसाठी जवळ आली आहे. म्हणून हा विषय कोल्हापुरातून मांडावासा वाटला.

[दृश्य: एका घराची खोली. भिंतीवर शाळेचं वेळापत्रक, कोपऱ्यात छोटी सायकल.]

कायद्यात बापाचं स्थान काय आहे? हिंदू कुटुंबांना लागू असलेला अज्ञान व पालकत्वाचा कायदा १९५६ सालचा. त्याच्या कलम ६ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाचा नैसर्गिक पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई. १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आईला पालक होण्यासाठी बापाच्या मृत्यूची वाट पाहायची नाही. बाप मुलाकडे बघतच नसेल, तर त्याच्या हयातीतही आईच पालक. हा निकाल न्याय्य होता, असं आम्ही स्पष्ट म्हणतो.

त्याच कलमात पुढे आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. आणि कलम १३ या सगळ्याच्या वर बसतं: मुलाचं कल्याण सर्वात महत्त्वाचं. ‘मी बाप आहे, कायद्यानं पहिला पालक आहे’ एवढ्या बोलण्यावर कोर्टात मूल मिळत नाही. मुलाला सकाळी कोण उठवतं, डबा कोण भरतं, ताप आला की रात्री कोण जागतं, ते पाहिलं जातं. ज्या घरात ही कामं बापानं कधी हातात घेतली नाहीत, तिथे त्याची बाजू पहिल्या दिवशीच लंगडी पडते. वेगळं होण्याच्या कितीतरी आधी त्याचा हक्क त्यानं स्वतःच कमी केलेला असतो. ज्यानं ही कामं केली, त्याच्याजवळ मात्र सांगण्यासारखं पुष्कळ असतं. लसीचा डोस देताना सोबत कोण होतं, पालकसभेला सही कुणाची, फी कुणी भरली, हे कागद जपून ठेवावेत.

[दृश्य: एसटी स्टँड. पिशवी घेऊन उभी असलेली एक आजी आणि नातू. चेहरे दिसत नाहीत.]

भांडण होतं, सून मुलाला घेऊन माहेरी जाते. सुरुवातीला दोन्हीकडची वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘जरा निवू दे.’ एक महिना जातो, सहा महिने जातात. मग नोटीस, मग दावा, मग तारखा. या काळात मूल नव्या शाळेत रुळतं, मामाच्या घराची सवय होते. दोन वर्षांनी बाप समोर आला की ते आजीच्या पदरामागे लपतं. कोर्ट मुलाशी बोलतं तेव्हा ते म्हणतं, ‘मला नाही जायचं.’ ते खोटं बोलत नसतं. बाप त्याच्या आयुष्यातून निघून गेलेला असतो, आणि कोर्ट रुळलेलं मूल हलवायला सहजासहजी तयार होत नाही. इतके दिवस पुढे ढकलत राहिल्यानं बापाचं जे नुकसान होतं, ते निकालानं भरून येत नाही.

म्हणून आमचं सांगणं एकच आहे. ताब्याचा दावा चालायचा तेव्हा चालेल, पण भेटीचा अंतरिम अर्ज पहिल्या तारखेलाच द्या. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, नसेल तर १८९० सालच्या पालक व पाल्य कायद्याखाली असा अर्ज करता येतो.

अर्ज कुठे करायचा, हा प्रश्न आपल्या भागात फार नाजूक. १८९० च्या कायद्याप्रमाणे मूल साधारणपणे जिथे राहतं, तिथलं न्यायालय. आता कोल्हापूरच्या कितीतरी सोयरिकी निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या. चाळीस किलोमीटरवरच्या निपाणीत मूल राहायला गेलं की राज्य बदलतं, आणि वरचं न्यायालय म्हणजे कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाडचं खंडपीठ होतं. भाऊसिंगजी रोडवरचं बेंच त्या बापाच्या उपयोगाचं नाही. एका राज्यातला दावा दुसऱ्या राज्यात वर्ग करायचा असेल, तर सर्वोच्च न्यायालयातच जावं लागतं.

[दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर व्हिडिओ कॉल. पलीकडे फक्त एक छोटा हात, हातात रंगीत खडू.]

२०२० साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं की ज्याच्याकडे ताबा नाही, त्या पालकाला प्रत्यक्ष भेटीखेरीज मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. आई आणि बाप दोघांचं प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे, असंही त्यात आहे. बापांनी हा निकाल वकिलाकडून समजून घ्यावा. अर्जात ‘भेट मिळावी’ एवढंच मोघम लिहू नका. कोणता वार, किती वाजता, कुठे, मूल कोण आणणार, गणपतीत आणि दिवाळीत किती दिवस, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, मुलाच्या प्रगतीची माहिती शाळेनं बापालाही द्यावी, आजारपणात कळवावं, हे सगळं आदेशात उतरलं पाहिजे. मोघम आदेश मोडणं सोपं असतं. स्पष्ट आदेश मोडला, तर दरखास्त करून अंमलबजावणी मागता येते.

मुलाचं मन दुसऱ्या पालकाविरुद्ध कलुषित केलं जातं, ही तक्रार अनेक बाप करतात, आणि ती पुष्कळदा खरी असते. त्यासाठी २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल दाखवला जातो. त्या प्रकरणात मुलगी लहानपणापासून बापाकडे होती, आईपासून तुटली होती, आणि न्यायालयानं ताबा आईला दिला. हा निकाल कोर्टात मांडताना तो तसाच पूर्ण मांडावा. मूल तोडण्याचं पाप कुणीही केलं तरी ते पापच, एवढं त्यातून ठामपणे सांगता येतं.

बापाच्या बाजूनं लागलेले निकालही आहेत. २०१९ साली आई वारल्यानंतर आजोळच्या नातलगांकडे राहिलेलं लहान मूल सर्वोच्च न्यायालयानं बापाकडे सोपवलं. याउलट २००८ च्या एका प्रकरणात पत्नीच्या मृत्यूबद्दल खटला चालू असलेल्या बापाला मूल मिळालं नाही, ते आजी-आजोबांकडेच राहिलं. ज्या घरात मारहाण झाली आहे, तिथे आईची भीती खरी असते. अशा वेळी बापानं समुपदेशकाच्या देखरेखीखालच्या भेटींपासून सुरुवात करायची तयारी ठेवावी.

पोटगीचं थोडक्यात. ताबा नसला तरी मुलाचा खर्च चुकत नाही, आणि तो आईबापांनी आपापल्या कमाईप्रमाणे उचलायचा असतो. ‘भेटू देत नाही, तर पैसे नाहीत’ हे धोरण बापाला कोर्टात बुडवतं आणि मुलाची फी थकवतं. पैसे बँकेतूनच द्यावेत, म्हणजे नोंद राहते.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या पुरुषालाही तिथे मोफत वकील मिळतो.

[दृश्य: रंकाळ्याकाठी खेळणारी मुलं, दुरून.]

२०१५ साली विधी आयोगानं २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे आईबाप दोघांनी मिळून मूल वाढवण्याची तरतूद कायद्यात आणावी अशी शिफारस केली. बापाला कागदावर दिलेलं पहिलं स्थान काढून दोघांना सारखं मानावं, हेही त्यातच होतं. आम्हाला हा सौदा रास्त वाटतो. कागदावरचं अग्रस्थान सोडून मुलाच्या रोजच्या आयुष्यात निम्मी जागा मिळत असेल, तर कोणत्या बापाचं त्यात नुकसान आहे?

तोवर हाती जे आहे ते वापरावं. ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो. परिस्थिती बदलली की त्याच न्यायालयात तो बदलून मागता येतो. चौथ्या वर्षी नाकारलेला मुक्काम आठव्या वर्षी मिळू शकतो, आणि समजत्या वयाच्या मुलाची इच्छा कोर्ट विचारात घेतं. मधल्या वर्षांत ठरलेल्या प्रत्येक भेटीला बाप वेळेवर हजर होता का, याची नोंद त्या दिवशी त्याच्या अर्जासोबत जोडलेली असली पाहिजे.