मुक्ता: एका नावाची साडेसातशे वर्षं

नमस्कार मंडळी. आज मी एकाच नावाबद्दल बोलणार आहे. आपल्याकडची बायकांची जुनी नावं आठवून पाहा. गंगा, गोदावरी या नद्या. लक्ष्मी, पार्वती या देवी. सावित्री, अनसूया या पतिव्रता. मुक्ता या रांगेत बसत नाही. मराठी माणूस हे नाव ठेवतो तेव्हा त्याच्या मनात देवी नसते, कुणाची बायकोही नसते. तेराव्या शतकातली एक मुलगी असते.

आधी अर्थ सांगतो. संस्कृतात मुक्त म्हणजे सुटलेला, मोकळा. त्याचं स्त्रीलिंगी रूप मुक्ता. पण मुक्ता म्हणजे मोतीही. आपला 'मोती' मौक्तिकापासून आला आणि मौक्तिक मुक्तेपासून. मोत्याच्या अर्थाचा हा शब्द मुळात द्राविडी असावा, तमिळमधल्या 'मुत्तु'शी त्याचं नातं असावं, असं काही अभ्यासक मानतात. बंगालीत आजही मुक्ता म्हणजे मोतीच, आणि बांगलादेशात ते मुलींचं नेहमीचं नाव आहे. मराठीत तो अर्थ मुक्ताफळांपुरता उरला. नाव म्हणून आपल्याकडे 'मोकळी' हाच अर्थ टिकला, आणि त्याचं श्रेय मी आळंदीच्या त्या घराला देतो.

विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला होता. गुरूंनी परत पाठवलं म्हणून ते पुन्हा संसारात आले आणि गावानं त्यांना वाळीत टाकलं. त्या वाळीत टाकलेल्या घरात चार मुलं झाली. त्यांची नावं क्रमानं म्हणून पाहा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी मागे फिरणं, मग ज्ञान, मग जिना, आणि शेवटी सुटका. ज्यांना मुंजीचाही अधिकार नाकारला गेला, त्या मुलांची ही नावं आहेत. आणि या क्रमात शेवटचं, सगळ्यात वरचं नाव मुलीच्या वाट्याला आलं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मुक्ताबाईंचा जन्म शके १२०१चा, म्हणजे इसवी सन १२७९चा, असं सर्वसाधारणपणे मानतात. शके १२१९मध्ये, म्हणजे १२९७ साली, तापीकाठी मेहूणजवळ वीज कडाडली आणि त्या दिसेनाशा झाल्या, अशी परंपरा सांगते. म्हणजे आयुष्य उणंपुरं अठरा वर्षांचं. पण या अठरा वर्षांत त्यांनी कुणाकुणाला सुनावलं ते बघा. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा बाहेरून समजूत घालणारी ही धाकटी बहीण. 'ताटी उघडा ज्ञानेश्वरा' हे पालुपद आपल्या सगळ्यांच्या कानात आहे. त्यात लाडीगोडी नाही. जग रागानं पेटलं तर संतानं पाणी व्हावं, असं ती थेट सांगते. चौदाशे वर्षं जगलेल्या म्हणवणाऱ्या चांगदेवांनी कोरं पत्र धाडलं, तर ती म्हणाली, इतकं जगूनही हा कोराच राहिला. पुढे त्याच चांगदेवांनी तिला गुरू केलं. नामदेवांसारखा भक्त, पण गोरोबाकाकांच्या थापटण्यानं त्यांचंही मडकं कच्चं ठरवलं, त्या प्रसंगाच्या मुळाशीही मुक्ताबाईच. यातल्या कथा किती घडल्या आणि किती रचल्या गेल्या, यावर वाद घालता येतो. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की महाराष्ट्रानं एका किशोरवयीन मुलीच्या तोंडी हे शब्द शोभतात असं मानलं आणि ते शतकानुशतकं गायले.

आणि अभंगाच्या शेवटी तिची नाममुद्रा येते. मुंगीनं आकाशात उडून सूर्य गिळल्याचा तो अभंग 'मुक्ताई हांसली' असं म्हणत संपतो. त्या काळातल्या किती बायकांचं नाव त्यांच्या स्वतःच्या ओळीत आपल्यापर्यंत पोचलं आहे?

नाव मुक्ता ठेवलं म्हणून कुणी मुक्त होत नाही, हेही सांगायला हवं. अहिल्याबाई होळकरांच्या मुलीचं नाव मुक्ताबाई होतं. तिचे पती यशवंतराव फणसे वारले आणि १७९१ साली ती सती गेली. मोठा कारभार एकहाती पेलणाऱ्या आईनं परोपरीनं विनवलं, तरी ती थांबली नाही. ही हकिकत मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तेव्हा मला पुढे वाचवत नाही.

चौसष्ट वर्षांनी, १८५५ साली, 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे, मातंग समाजातली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुलगी. विषय होता मांग-महारांचं दुःख. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, मग आमचा धर्म कोणता ते देवा तूच सांग, असं ती विचारते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे ती लिहिते. कुणा मोठ्या माणसाच्या आडून ती बोलत नाही. अभंगातल्या नाममुद्रेनंतर हे नाव इतक्या ठसठशीतपणे मला इथेच भेटतं.

प्रसाराबद्दल थोडक्यात बोलतो. खानदेशात, मराठवाड्यात, वारकरी घरांत मुक्ताबाई हे नाव कायम राहिलं. एदलाबादचं नाव मुक्ताईनगर झालं, आणि तिथून निघणारी मुक्ताईंची पालखी महिन्याहून जास्त चालून पंढरपूरला पोचते. शहरांत मात्र 'मुक्ताबाई' मध्यंतरी आजीचं नाव होऊन बसलं. १९७५नंतर स्त्री चळवळीच्या काळात सुशिक्षित घरांनी 'बाई' गाळून ते पुन्हा उचललं. अभिनेत्री मुक्ता बर्वे, पुण्याच्या महापौर झालेल्या मुक्ता टिळक, ही नावं आज सगळ्यांना माहीत आहेत. नाव लहान आहे, कुठल्याही आडनावाला शोभतं, आणि हाक मारायला मोकळं आहे.

तरुण आईवडील मला विचारतात, मुक्ता ठेवावं की मुक्ताई? माझं मत असं: दाखल्यावर मुक्ता लिहा, पाळण्यातलं नाव मुक्ताई असू द्या. आणि मुलगी वाचायला लागली की ताटीचे अभंग आणि साळव्यांच्या मुक्ताचा निबंध, दोन्ही तिच्या हातात द्या. एका बैठकीत वाचून होतात.