रकाना, पत्र आणि सहा आठवडे

नमस्कार मंडळी,

मानवी हक्क म्हटलं की डोळ्यांसमोर तुरुंग, लाठीमार, नाहीतर भूमध्य समुद्रातल्या निर्वासितांच्या होड्या येतात. युरोपात तेही आहेच. आजचा विषय मात्र आपल्या दाराच्या फटीतून आत पडणाऱ्या, करखात्याच्या निळ्या लिफाफ्याचा आहे. इथे नेदरलँड्समध्ये याच लिफाफ्याने हजारो कुटुंबं कर्जात लोटली आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान रुटे यांच्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

पाळणाघराचा टूस्लाख, म्हणजे सरकारी भत्ता, आपल्यापैकी अनेकजण घेतात. त्याची रचना आधी नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथेच आहे. यंदाचं उत्पन्न आणि पाळणाघराचे तास यांचा अंदाज आपण भरतो. त्यावर दरमहा उचल मिळते, एका मुलामागे महिन्याला जास्तीत जास्त २३० तासांची. वर्ष संपल्यावर खरे आकडे येतात आणि मग पक्का हिशेब होतो. म्हणजे खात्यात आलेला पैसा तोवर उसनाच. पाळणाघराच्या बिलातला काही हिस्सा पालकांनी स्वतः भरायचा असतो, आणि तो भरल्याचा पुरावा मागितला तर दाखवावा लागतो.

आता एक काल्पनिक हिशेब. वर्षाचं बिल १२,००० युरो, टूस्लाख ९,००० आणि स्वतःचा हिस्सा ३,०००. आईबापांनी २,७०० भरले, ३०० राहून गेले किंवा रोखीत दिले आणि पावती घेतली नाही. टूस्लाख बिलाच्या पाऊणपट, म्हणून प्रमाणात हिशेब केला तर ३०० चे पाऊण, म्हणजे २२५ युरो परत करावे लागतील. करखातं मात्र म्हणायचं, हिस्सा पूर्ण भरला नाही म्हणजे हक्कच नाही, पूर्ण ९,००० परत करा. असं तीन वर्षांचं मागे जाऊन काढलं की २७,००० होतात. आणि हा काही एखाद्या कारकुनाचा खाक्या नव्हता. प्रशासकीय दाव्यांतलं सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या राद फान स्टाटेनेही कायद्याचा हाच अर्थ वर्षानुवर्षं उचलून धरला आणि २३ ऑक्टोबर २०१९ रोजी तो सोडला. पुढे २०२१ मध्ये, हे आधीच करायला हवं होतं, असं त्यांनी स्वतःच कबूल केलं.

कायदा कडक होता हे अर्धंच उत्तर झालं. तो कोणावर उगारायचा, हे ठरवण्याची जागा दुसरीच होती. २०१३ मध्ये बल्गेरियन टोळ्यांनी भत्ते लाटल्याचं प्रकरण गाजलं, संसदेत आरडाओरड झाली आणि करखात्यात घोटाळेबाज मध्यस्थ शोधणारं पथक उभं राहिलं. २०१४ मध्ये आइंटहोव्हनमधल्या एका मध्यस्थ संस्थेवर संशय आला, तेव्हा तिच्यामार्फत मुलं सांभाळायला देणाऱ्या सुमारे ३०० कुटुंबांचा भत्ता एकदम थांबवला गेला. चौकशी संस्थेची, शिक्षा गिऱ्हाइकांना. पालक कागद पाठवायचे, उत्तर यायचं 'पुरावा अपुरा'. नेमकं काय अपुरं, हे पत्रात नसायचं. काहींनी पुढे स्वतःची फाइल मागवली, तर पानंच्या पानं काळी करून हाती आली.

अर्जांची छाननी करणाऱ्या जोखीम-गणितात एक रकाना होता: डच नागरिक, हो की नाही. डेटा संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२० मध्ये हा वापर बेकायदा आणि भेदभावाचा ठरवला. शिवाय डच नागरिकांच्या दुसऱ्या नागरिकत्वाची नोंद जानेवारी २०१४ नंतर ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. तरी मे २०१८ मध्ये तशा सुमारे १४ लाख लोकांच्या नोंदी खात्याकडे पडून होत्या. या सगळ्याबद्दल डिसेंबर २०२१ मध्ये करखात्याला साडेसत्तावीस लाख युरो दंड झाला. संशयितांची एक वेगळी काळी यादी होती, २,७०,००० पेक्षा जास्त नावांची. तिच्याबद्दल एप्रिल २०२२ मध्ये आणखी ३७ लाख.

आपल्यातले काहीजण म्हणतात, हे तुर्की, मोरोक्कन, सुरिनामी लोकांचं झालं, आपला काय संबंध? संबंध असा आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे डच पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जातं. दुहेरीच्या यादीत आपण फारसे नव्हतो ते एवढ्यामुळे. पण ज्यांनी भारतीय पासपोर्ट ठेवला, त्यांचं उत्तर त्या रकान्यात 'नाही' असंच होतं. पगार चांगला म्हणून बाकीच्या निकषांत संशयाचे गुण कमी पडले असतील, तर तो नशिबाचा भाग झाला, हक्काचा नव्हे.

रकाना काढला की भेदभाव संपतो, हाही गोड गैरसमज आहे. घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना डूओ हे खातं जास्त भत्ता देतं. खोटा पत्ता कोण देत असेल ते हुडकण्यासाठी त्यांनी २०१२ पासून एक गणित वापरलं. त्यात नागरिकत्व नव्हतं, जन्मदेश नव्हता. तीन साध्या गोष्टी होत्या: शिक्षणाचा प्रकार, वय, आणि आईवडिलांच्या घरापासूनचं अंतर. एमबीओला, म्हणजे व्यवसाय शिक्षणाला आहे, वय कमी आहे, घर जवळ आहे, की संशयाचे गुण वाढले. गुण वाढले की तपासनीस दारात. स्थलांतरित घरांतली मुलं एमबीओमध्ये जास्त असतात, आणि शिकताना जवळच्या नातेवाइकांकडे राहणं त्यांच्यात सर्रास चालतं. आपल्याकडे मावशीकडे राहून शिकलेल्या पिढ्यांच्या पिढ्या आहेत. या गणितात मावशी म्हणजे संशय. मार्च २०२४ मध्ये सरकारने माफी मागितली आणि नोव्हेंबरमध्ये १०,००० वर विद्यार्थ्यांसाठी ६.१ कोटी युरोंची भरपाई जाहीर केली.

खात्याच्या आत कोणालाच दिसलं नव्हतं, असंही नाही. सँड्रा पाल्मेन या कायदेविषयक सल्लागाराने मार्च २०१७ मध्येच लेखी कळवलं होतं की आइंटहोव्हनच्या प्रकरणात खातं चुकलं आहे, भरपाई द्या. ते टिपण बाजूला पडलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच बाई भरपाईचं काम पाहणाऱ्या राज्यसचिव झाल्या. नियतीला विनोद कळतो, पण उशिरा.

युरोपच्या एआय कायद्याने सरकारी भत्त्यांची पात्रता ठरवणाऱ्या यंत्रणांना जास्त जोखमीच्या वर्गात टाकलं आहे. चांगलं आहे, पण तो लगाम मुख्यतः यंत्रणा बनवणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला. आपल्या हातात जे आहे ते जुनंच, बेज्वार, म्हणजे निर्णयावरची लेखी हरकत.

गावाकडे म्हण आहे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. इथे सरकार थांबत नाही आणि आपल्याला मिळतात सहा आठवडे. ते मोजायचे निर्णय पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आपण पत्र वाचलं त्या दिवसापासून नव्हे. इथली शाळेची उन्हाळी सुट्टीही सहा आठवड्यांचीच. पुण्याला जाऊन परत येईपर्यंत मुदत संपलेली असते, आणि उशिरा आलेली हरकत बहुतेक वेळा आत काय लिहिलंय हे न बघताच फेटाळली जाते. म्हणून विमानात बसण्याआधी माइनओव्हरहाइडच्या, म्हणजे सरकारी पत्रांच्या ऑनलाइन, पेटीला ईमेल सूचना चालू आहे ना, ते पाहा.

कारणं जमवायला वेळ नसेल तर अडू नका. नाव, पत्ता, तारीख, कोणत्या निर्णयावर हरकत आहे त्याचा क्रमांक, 'कारणं मागाहून पाठवतो' हे एक वाक्य आणि सही, एवढ्यावर मुदत राखता येते. हरकत घेतली म्हणजे वसुली आपोआप थांबली असं धरून चालू नका. स्थगिती त्याच पत्रात स्पष्ट मागा. प्रत्यक्ष सुनावणीही मागा, फोनवर 'गरज नाही ना?' असं विचारलं तर 'आहे' म्हणा. आपली माणसं इथे भिडस्तपणा करतात आणि हक्क घालवून बसतात.

दुसरं पत्र वेगळं पाठवायचं, जीडीपीआर या युरोपीय डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १५ खाली: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुठून आली, कोणाला दिली, आणि निर्णय यंत्राने घेतला असेल तर कोणत्या तर्काने. उत्तर एका महिन्यात यायला हवं. किचकट प्रकरणात त्यांना आणखी दोन महिने वाढवता येतात. त्यामुळे बेज्वारची मुदत या उत्तरासाठी रोखून धरू नका, दोन्ही पत्रं एकाच दिवशी टपालात टाका.

पैसे लागतील ही भीती नको. बेज्वार फुकट आहे. युरिडिश लोकेट या कायदा सल्ला केंद्राचा प्राथमिक सल्ला कमी उत्पन्नवाल्यांना फुकट मिळतो. भेदभावाची तक्रार घेणारी सोय प्रत्येक नगरपालिकेने ठेवलीच पाहिजे, असा २००९ पासून कायदा आहे, तीही फुकट. मानवी हक्क मंडळाकडे अर्ज करायलाही वकील लागत नाही. त्यांचा निवाडा बंधनकारक नसतो, पण पुढे कोर्टात त्याचं वजन पडतं.

दोन्ही पत्रांचे डच नमुने मागच्या टेबलावर चहाच्या थर्मासशेजारी ठेवले आहेत. तारखेची आणि निर्णयक्रमांकाची जागा कोरी आहे, ती ज्याने त्याने भरायची. सहीच्या वर एक ओळ मोकळी सोडली आहे, तिथे पत्र कधी आणि कसं पाठवलं ते लिहा आणि त्याची एक प्रत घरी ठेवा.