दहा धावांत दहा बळी: हेडली व्हेरिटीची गोष्ट

१२ जुलै १९३२. लीड्सचं हेडिंग्ली मैदान. यॉर्कशायरविरुद्धच्या काउंटी सामन्यात जेवणाच्या सुट्टीला नॉटिंगहॅमशायरच्या नावावर बिनबाद ३८ धावा. कुठेही पडझडीची चाहूल नाही.

सुट्टी संपली, आणि बघता बघता सगळा संघ ६७ धावांत गारद झाला. दहाच्या दहा बळी एकाच गोलंदाजाचे, त्यात एक हॅटट्रिकही. १९.४ षटकं, १६ निर्धाव, १० धावा, १० बळी. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये एका डावात याहून सरस कामगिरी आजवर कुणालाही जमलेली नाही.

पावसानं खेळपट्टी बिघडली होती, हे खरं. पण अशा खेळपट्टीवर चेंडू वळवणं वेगळं, आणि षटकामागून षटक एकही धाव न देणं वेगळं. ते हेडली व्हेरिटीलाच जमायचं.

यॉर्कशायरचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज संघात आला तो पंचविसाव्या वर्षी, १९३० साली. त्याच मोसमाअखेरीस यॉर्कशायरचे दिग्गज डावखुरे फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स निवृत्त झाले. ऱ्होड्स यांची जागा घेणं म्हणजे केवढं ओझं! व्हेरिटीनं ते गाजावाजा न करता उचललं. उंच शरीरयष्टी, फिरकीच्या मानानं जरा वेगवान चेंडू, आणि एकाच जागी पडत राहणारा टप्पा. फलंदाज चुकेपर्यंत थांबायची त्याची तयारी असे.

१९३४ साली लॉर्ड्सवर त्यानं ऑस्ट्रेलियाचे १५ गडी बाद केले, त्यातले १४ एकाच दिवशी. डॉन ब्रॅडमन दोन्ही डावांत त्यालाच बळी पडले. विसाव्या शतकात इंग्लंडनं लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवलं ते एवढं एकदाच. कसोटीत त्यानं ब्रॅडमनना एकूण आठ वेळा बाद केलं. आपल्याकडेही तो येऊन गेला होता. १९३४च्या फेब्रुवारीत मद्रास कसोटीच्या पहिल्या डावात त्यानं ४९ धावांत भारताचे सात गडी टिपले.

हाच माणूस १९३८ साली युद्धाचे ढग दिसू लागल्यावर काय करत होता? ब्रिटिश लष्कराच्या ग्रीन हॉवर्ड्स पलटणीतल्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन लष्करी पुस्तकं वाचत होता. मला व्हेरिटी सगळ्यात जास्त इथे भेटतो. फलंदाजाचा अभ्यास करावा, त्याच निष्ठेनं त्यानं येणाऱ्या युद्धाचा अभ्यास सुरू केला.

१ सप्टेंबर १९३९. जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या, त्या दिवशी यॉर्कशायरचा संघ होव्हला ससेक्सविरुद्ध खेळत होता. ससेक्सचा दुसरा डाव ३३ धावांत संपला. व्हेरिटी: नऊ धावांत सात बळी. मग सगळे घरी निघाले. त्याच्या नावावर १,९५६ प्रथम श्रेणी बळी जमा होते, सरासरी १४.९०. त्यानंतर तो यॉर्कशायरकडून पुन्हा खेळला नाही.

ग्रीन हॉवर्ड्समध्ये तो अधिकारी झाला, पुढे कॅप्टन. हिंदुस्थान, इराण, इजिप्त असा प्रवास करत त्याची बटालियन १९४३च्या जुलैत सिसिलीत उतरली.

१९ जुलैची रात्र. कॅटानियाच्या सपाट मुलखात हल्ला सुरू झाला. कॅप्टन व्हेरिटीची बी कंपनी उभ्या पिकातून पुढे सरकत होती. समोरून गोळ्यांचा आणि तोफगोळ्यांचा मारा. त्यात पीक पेटलं. आता लपायला आडोसा नाही, आणि मागे ज्वाळांचा उजेड. पुढच्या एका शेतघरातून शत्रूचा मारा होतो आहे, हे व्हेरिटीनं हेरलं आणि त्यावर चाल करायचा हुकूम दिला. तेवढ्यात त्याच्या छातीवर घाव बसला. पडल्या जागेवरून तो सांगत राहिला, “पुढे चला, त्या शेतघरातून त्यांना हुसकून काढा.”

कंपनीला मात्र माघार घ्यावी लागली. त्याच्या दिमतीचा शिपाई त्याला सोडून गेला नाही. दोघंही जर्मनांच्या हाती लागले.

जखमी कैदी म्हणून व्हेरिटीला इटलीच्या मुख्य भूमीवर नेलं. कासेर्ता इथल्या रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, पण रक्तस्राव आटोक्यात आला नाही. ३१ जुलै १९४३ रोजी तो गेला. वय ३८. आज तो तिथल्याच युद्ध दफनभूमीत आहे.

घरी यॉर्कशायरमध्ये आधी एवढंच कळलं होतं, की कॅप्टन व्हेरिटी जखमी झाला आणि बेपत्ता आहे. खरी बातमी आली १ सप्टेंबर १९४३ला. होव्हच्या त्या सात बळींना त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती.