मालक की मलिक?

नमस्कार, श्रोतेहो.

आपण ‘घरमालक’ म्हणतो आणि इतिहासात ‘मलिक अंबर’ वाचतो. दोन्ही शब्द मूळचे अरबी, एकाच धातूचे. एक धनी, दुसरा राजा. अरबीत फरक काय तो एका कान्याचा. हाच कान्याचा वाद कुराणाच्या पहिल्याच अध्यायात आहे. ईश्वर निवाड्याच्या दिवसाचा ‘मालिक’ की ‘मलिक’? जुन्या नामवंत कुराणपाठकांपैकी इराकातल्या कुफ्याचे आसिम आणि किसाई ‘मालिक’ म्हणत, मदिनेचे नाफे ‘मलिक’.

बाराव्या शतकात इराणकडच्या खोरासानातल्या सब्झवारला राहणारे शिया विद्वान अबू अली तबरसी यांनी असे वाद फार नेटकेपणाने मांडले. साठी उलटल्यावर हाती घेतलेलं ‘मजमउल बयान’ हे कुराणावरचं भाष्य त्यांनी ११४२ साली पुरं केलं. आयत म्हणजे कुराणातलं वचन घ्यायचं, मग किराअत म्हणजे पाठभेद, मग हुज्जत म्हणजे त्या पाठामागचा युक्तिवाद, पुढे शब्दार्थ, व्याकरण, आयत उतरल्याचा प्रसंग, आणि मग अर्थ. आपल्या ताटात चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे. तशी प्रत्येकाची जागा ठरलेली. त्यांच्या आधीचे शिया विद्वान तुसी यांच्या भाष्याचा ते गौरव करतात, पण त्यात सगळं कालवलं गेलंय, हेही सांगतात.

‘मालिक’वाल्यांची हुज्जत मला गमतीची वाटते. रोमचा राजा असतो, पण म्हणून तो रोमचा धनी होत नाही. तेव्हा धनी हा शब्दच वजनदार. ‘मलिक’वाल्यांचंही म्हणणं तबरसी तितक्याच शांतपणे ऐकवतात.

प्रस्तावनेत मात्र ते ठाम आहेत. कुराणातून काही गळालं, अशा कथा आपल्याही, म्हणजे शिया, लोकांपैकी काहींनी सांगितल्या, हे ते लपवत नाहीत; पण ते खरं नाही, असं बजावतात. आधार घेतात बगदादचे शिया विद्वान शरीफ मुर्तझा यांचा: सीबवैही या व्याकरणकाराच्या प्रसिद्ध अरबी व्याकरणात कुणी एखादं प्रकरण घुसडलं, तर जाणकार ते तिथल्या तिथे ओळखतील. मग ज्या ग्रंथाचा स्वर अन् स्वर लोकांनी जपला, त्यात फेरफार कसा खपेल?

पुढे विसाव्या शतकात या शिया भाष्याच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती कैरोच्या अझहर या सुन्नी विद्यापीठाचे शेख महमूद शलतूत यांनी.

आणि तबरसी? भाष्य पुरं झाल्यावर त्यांच्या हाती जमख्शरी या विद्वानाचं ‘कश्शाफ’ हे कुराणभाष्य पडलं. त्यातली भाषेची बारकाई त्यांना इतकी भावली, की म्हातारपणी ते पुन्हा लिहायला बसले.