वॉकी-टॉकी गप्प झाला, तर क्रेन थांबायलाच हवी

नमस्कार. क्रेनने लोड उचलताना हाताने सिग्नल द्यायचे की वॉकी-टॉकी घ्यायचा?

ऑपरेटरला लोड आणि सिग्नलमन दोन्ही स्वच्छ दिसत असतील, तर हातच बरा. बॅटरी उतरत नाही, मशिनच्या आवाजात सिग्नल बुडत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिग्नलमन दिसेनासा झाला, की ऑपरेटरला लगेच कळतं आणि तो थांबतो.

आता हे बघा. (हात आडवा, मूठ मिटलेली, अंगठा वर) हा बूम (क्रेनचा लांब दांडा) वर. (अंगठा खाली) हा बूम खाली. फरक फक्त अंगठ्याचा! काळे हातमोजे, मागे काळपट भिंत आणि ऑपरेटर उंचावर, दिसणार कसा? तिथे हाताचा हट्ट सोडा. लोड उतरण्याची जागा ऑपरेटरला दिसतच नसेल, तर रेडिओ, म्हणजे वॉकी-टॉकी, लागतोच.

पण रेडिओची खोड वेगळी. "हुक खाली, खाली..." म्हणता म्हणता आवाज बंद पडला. सिग्नलमन दम घेतोय, बॅटरी गेली, की तो भिंतीआड शिरला? केबिनमधून काहीच कळत नाही. म्हणून हालचाल चालू असेपर्यंत बोलणं चालू, आणि आवाज तुटला की क्रेन जागच्या जागी थांबवायची.

बोलायचं असं: "हुक खाली, तीन मीटर... दोन... एक... अर्धा... हळू... हुक थांब." नुसतं "वर" कधीच नाही. बूम वर घेतला तर लोड उचलला जातो आणि क्रेनकडे सरकतोही. डावं-उजवं नेहमी ऑपरेटरच्या बाजूने सांगायचं.

बटण दाबल्या दाबल्या बोललात, तर पहिला शब्द कापला जातो. "बूम खाली" मधला "बूम" गेला, की ऑपरेटरला ऐकू येतं फक्त "खाली", आणि तो हुक खाली घेतो. दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला.

आणखी एक. तुम्ही बटण धरून ठेवलंत, तर त्या चॅनलवर दुसऱ्या कुणाचा "थांब" पोचत नाही. म्हणून आकड्यांच्या मधे बटण क्षणभर सोडा. शिवाय आणीबाणीचा थांबा साइटवरच्या प्रत्येकाला हाताने देता यायला हवा: दोन्ही हात बाजूला लांब, तळवे खाली, आडवे मागेपुढे हलवायचे. तो कुणीही दिला तरी ऑपरेटरने मानायचा.

लोड उचलण्याआधी रेडिओची चाचणी क्रेनशेजारी उभं राहून घेण्यात काही अर्थ नाही. लोड जिथे उतरणार तिथून घ्या. तळघरात, लोखंडी सांगाड्यात सिग्नल मरतो. लोड उचलण्याच्या कामासाठी स्वतंत्र चॅनल ठेवा. ऑपरेटरचे हात लिव्हरवर असतात, त्यामुळे त्याला संच हातात न धरता ऐकू यायला हवं.

उचलायला एक सिग्नलमन आणि उतरवायला दुसरा असेल, तर ताबा बदलताना लोड स्थिर ठेवा. दुसरा म्हणेल, "आता ताबा माझ्याकडे." ऑपरेटरने ते परत म्हणून दाखवलं, की मगच पुढची हालचाल. मधेच रेडिओ सोडून हाताच्या सिग्नलवर यायचं असेल, तरी हीच पद्धत: आधी थांबा, ऑपरेटरचा होकार घ्या, मग हात उचला.