फाइलच्या नावातला ऱ

मंडळी, छापलेला विषय आहे ‘कमांड लाइनवर बिगरइंग्रजी फाइलनावांची हाताळणी’. हाताळणीकडे येतोच, पण आधी एका अक्षराबद्दलची तक्रार ऐकून घ्या. समोर सगळे टर्मिनलवर वावरणारे आहेत, त्यामुळे डिरेक्टरी म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की करून घेऊ. लिनक्सच्या कर्नेलला, म्हणजे त्याच्या गाभ्याला, नावातली भाषा कळत नाही, त्याला फक्त बाइट दिसतात. त्यातले दोनच निषिद्ध: एक शून्य, दुसरी तिरकी रेघ, म्हणजे हेक्समध्ये (सोळा आधाराच्या मोजणीत) २एफ. बाकी काहीही चालतं, अगदी नव्या ओळीचं चिन्हसुद्धा. (ते नावात घालणाऱ्या माणसाबद्दल वेगळं व्याख्यान ठेवावं लागेल.) केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, आखलं तेव्हा हे बरोबर सांभाळलं. इंग्रजीबाहेरच्या अक्षराचा प्रत्येक बाइट हेक्समधल्या ८० किंवा त्याच्या वरचाच असतो, त्यामुळे त्यात चुकूनही शून्य किंवा तिरकी रेघ सापडत नाही. जपानीच्या शिफ्ट-जेआयएस एन्कोडिंगमध्ये काही अक्षरांचा दुसरा बाइट ५सी निघतो, म्हणजे उलटी तिरकी रेघ, आणि एन्कोडिंग न ओळखणारं शेल ती गिळून टाकतं. आपण त्यातून वाचलो. आपलं नशीब तेवढ्यापुरतंच.

देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक असलेलं चिन्ह, तीन बाइट खातो. क म्हणजे ई० ए४ ९५. काना, वेलांटी, हलन्त यांचे प्रत्येकी आणखी तीन. ‘क्षि’ दिसायला एक अक्षर, आत चार कोडपॉइंट आणि बारा बाइट. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, अक्षरांची नव्हे. म्हणजे हातात उरतात ८५ कोडपॉइंट, आणि इंग्रजी ‘.टीएक्सटी’चे चार बाइट वजा केले की ८३. विंडोजच्या एनटीएफएसची मर्यादाही २५५च, पण ती सोळा बिटांच्या एककांची, आणि देवनागरीचा कोडपॉइंट तिथे एका एककात मावतो. म्हणून तिकडे सुखाने नांदणारी फाइल इकडे कॉपी करताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून अडते. ईक्रिप्टएफएसवर नावं एन्क्रिप्ट होत असतील तर जेमतेम १४३ बाइट मिळतात, म्हणजे ४७ कोडपॉइंट. अहवालाचं अख्खं शीर्षक फाइलनावात कोंबणाऱ्यांनी हा आकडा लिहून घ्यावा.

आता तो ऱ. ‘दऱ्या’ नावाची फाइल घ्या. हे नाव तीन तऱ्हांनी बनतं. पहिली तऱ्हा: यू+०९३१ हा स्वतंत्र ऱ, मग हलन्त, मग य. पूर्ण नाव पाच कोडपॉइंट, १५ बाइट. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबली की हाच ऱ उमटतो. दुसरी तऱ्हा: साधा र, त्याला नुक्ता (खालचा टिंब), मग हलन्त. सहा कोडपॉइंट, १८ बाइट. तिसरी: साधा र, हलन्त, आणि त्यामागे यू+२००डी हा अदृश्य जोडक, झेडडब्ल्यूजे. पुन्हा १८ बाइट, पण दुसऱ्या तऱ्हेचे नव्हेत. फाइल मॅनेजरमध्ये तिन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. एकाच डिरेक्टरीत तिन्ही राहू शकतात आणि कर्नेलची त्याला काडीची हरकत नसते. समजा, त्यातली तिसरीच तेवढी आहे आणि तुमचा कीबोर्ड पहिल्या तऱ्हेचा आहे. ‘कॅट दऱ्या’ म्हणालात की उत्तर येतं, अशी फाइलच नाही. वर ‘एलएस’ करावं तर ती समोर हजर. इथे माणसं डिस्कला दोष देतात, मग सर्व्हरला, मग सहकाऱ्याला. ज्या टर्मिनलला अक्षरं जोडता येत नाहीत ते हलन्त सुटा दाखवतं आणि आपण त्याला नावं ठेवतो. दिसतं कुरूप खरं, पण तेच बिचारं खरं बोलत असतं.

‘एनएफसी करून टाका की,’ असं मागच्या रांगेत कुणाच्या तरी मनात आलंच असेल. करा. एनएफसी, म्हणजे सुटे तुकडे जोडून एकसंध चिन्ह करणारं युनिकोडचं प्रमाणीकरण, पहिल्या दोन तऱ्हा एक करतं, र आणि नुक्ता मिळून ०९३१ बनवतं. तिसऱ्या तऱ्हेला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती पहिलीशी समतुल्यच नाही. आणि हा घोळ एकट्या ऱचा नाही. स्वतंत्र ॲ, यू+०९७२, युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ आवृत्तीत. तोवर अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवला जायचा. दोन्ही दिसतात एकसारखे, बाइट वेगळे, आणि एनएफसी इथेही हात वर करतं. त्यामुळे ‘ॲप’ नावाचे दोन फोल्डर सापडले तर एकाचा बॅकअप समजून तो पुसू नका. जुन्या मॅकची तऱ्हा आणखी निराळी. एचएफएस प्लस नावं फोडूनच साठवायचं, म्हणजे तुम्ही दिलेला ऱ परत येताना र आणि नुक्ता होऊन यायचा. मॅकचं नंतरचं एपीएफएस दिलेलं नाव जसंच्या तसं ठेवतं, पण समतुल्य नावांना एकच मानतं. लिनक्स यातलं काहीच करत नाही. माझ्या मते तेच बरं, निदान कोण फसवतंय ते कळतं.

समोर पाच मिनिटांची पाटी धरलीय. म्हणजे छापलेला विषय आता सुरू. भराभर घेतो.

आधी निदान. नाव डोळ्यांनी वाचू नका, बाइट वाचा. ‘एलएस’ला वजा बी द्या, आणि त्याच ओळीत आधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहा. एरवी यूटीएफ-८ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगचं सेटिंग) देवनागरी छापण्याजोगी मानली जाते आणि वजा बी तिला तशीच सोडून देतो. आता आकडे अष्टमानात येतील. ३४० २४४ किंवा ३४० २४५ दिसलं की देवनागरी. मध्येच ३४२ २०० २१५ दिसलं की झेडडब्ल्यूजे पकडला गेला.

नाव टाइपच होत नसेल तर ‘एलएस -आय’ने आयनोड क्रमांक, म्हणजे फाइल सिस्टिममधला फाइलचा अंतर्गत क्रमांक, काढा आणि ‘फाइंड . -एक्सडेव्ह -आयनम’ला तो द्या. पुढे ‘-एक्झेक’ने ‘एमव्ही’ करा. पुसायचंच असेल तर ‘-डिलीट’ अगदी शेवटी लिहा. ते अटीच्या आधी लिहिलं तर अट तपासली जायच्या आत सगळी डिरेक्टरी साफ होते.

लोकेल. ‘एलसी_ऑल’ हे ‘एलसी_सीटाइप’ला हरवतं आणि ते ‘लँग’ला. एसएसएचने गेल्यावर अक्षरं बिघडली तर बहुतेकदा तुमच्या मशिनने ‘एमआर_आयएन’ पाठवलेलं असतं, पलीकडे ते बसवलेलंच नसतं आणि सगळं ‘सी’ या मूळ लोकेलवर घसरतं. ‘लोकेल -ए’ने यादी पाहा, ‘सी.यूटीएफ-८’ असेल तर ते लावा. याचा फटका वाइल्डकार्डलाही बसतो. यूटीएफ-८ लोकेलमध्ये प्रश्नचिन्ह एका कोडपॉइंटला जुळतं, म्हणजे ‘कि’साठी दोन लागतात. ‘सी’मध्ये ते एका बाइटला जुळतं, तिथे लागतील सहा.

नावं बदलायला ‘कॉन्व्हएमव्ही’ वापरा. ते आपण होऊन काहीच बदलत नाही, फक्त काय करेल ते दाखवतं. यादी वाचा, मगच ‘--नोटेस्ट’ जोडा. एनएफसीसाठी दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ देऊन ‘--एनएफसी’. ऱची तिसरी तऱ्हा यातून सुटते, तिच्यासाठी पर्लचं ‘रीनेम’ घ्या आणि र-हलन्त-झेडडब्ल्यूजे या नऊ बाइटांच्या जागी ऱ-हलन्त हे सहा घाला. सगळेच झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका. तो उडवला की ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. आणि हाताने ‘एमव्ही’ करताना वजा एन हवाच, कारण बदललेल्या नावाची फाइल तिथे आधीच बसलेली असू शकते.

झिप. नाव यूटीएफ-८ आहे असं सांगणारा बिट क्रमांक ११ लावलेला नसेल तर नाव सीपी४३७ या जुन्या डॉसच्या अक्षरतक्त्यातलं धरलं जातं आणि ग्रीक अल्फा, डोक्यावर लाट असलेला एन अशी वरात निघते. बाइट शाबूत असतात, उलटं रूपांतर करून नाव परत मिळतं. ‘कॉन्व्हएमव्ही’चा ‘--फिक्सडबल’ पर्याय इथे कामाचा, रूपांतरानंतर जे नाव यूटीएफ-८ म्हणून वैध उरतं त्यालाच तो हात लावतो. विंडोज-१२५२ मधून झालेला गोंधळ मात्र वाईट. त्या तक्त्यात ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी या जागा रिकाम्या आहेत, आणि हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका ८डी. पहिल्या उकाराचा ८१, एचा ८एफ, झचा ९डी. काटेकोर प्रोग्रॅमने तिथे प्रश्नचिन्ह टाकलं असेल तर तो बाइट गेला, जोडाक्षरं हाताने लावत बसा.

स्क्रिप्टमध्ये ‘एलएस’चं आउटपुट वाचू नका. ‘फाइंड’ला ‘-प्रिंट०’ आणि ‘एक्सआर्ग्ज’ला ‘-०’ द्या, कारण शून्य बाइट नावात येऊच शकत नाही. व्हेरिएबल अवतरणात, तारांकनाआधी ‘./’. गिट ३४०-२४४ची रांग दाखवत असेल तर ‘कोअर.कोटपाथ’ फॉल्स करा. मॅकवर ‘कोअर.प्रीकंपोझयुनिकोड’ ट्रू.

एचएफएस प्लसच्या मॅकवरून लिनक्सकडे ‘आरसिंक’ करत असाल तर ‘--आयकॉन्व्ह=यूटीएफ-८-मॅक,यूटीएफ-८’, आपल्या मशिनचं आधी, पलीकडचं नंतर. हे नसताना सोबत ‘--डिलीट’ दिलंत तर पलीकडची जोडलेल्या (न फोडलेल्या) नावाची फाइल पुसली जाते आणि फोडलेल्या नावाने तीच पुन्हा पाठवली जाते. पाटी आता उलटी केलीय, प्रश्न बाहेर घेऊ.